काकांच्या खुर्चीपासून डावीकडे

पुण्यात कुणी विचारलं, "आपण नोकरीत काय होता?" की मी म्हणतो, "गुमास्ता." समोरचा माणूस लगेच माझ्याकडे किराणा दुकानातली तूरडाळ तोलणारा माणूस म्हणून बघायला लागतो. दोष त्याचा नाही. आमच्या कुंभकोणमला गुमास्ता म्हणजे वकिलाचा गुमास्ता. वकील कोर्टात बोलतो, आणि तो ज्याच्याबद्दल बोलतो तो कागद गुमास्ता शोधतो. पन्नासच्या दशकातली माझी सगळी उमेद शोधण्यात गेली. काही सापडलं, काही नाही. जे सापडलं त्यातलं थोडं इथे सांगतो. भाषा माझ्या सुनेनं तपासून दिली आहे. मी "कोठें" लिहिलं की ती "कुठे" करते. बोलणाऱ्यांच्या तोंडचं मात्र मी तिला बदलू दिलेलं नाही.

माझे वकील वेंकोबाराव. आमच्यासारखेच, मराठ्यांच्या राज्यात तंजावर मुलखात येऊन कायमचे राहिलेल्या घराण्यातले. कोर्टात इंग्रजी, बाजारात तमिळ आणि उंबऱ्याच्या आत आमची जुनी मराठी, असा त्यांचा दिवस तीन भाषांत वाटलेला असे. मी त्यांना काका म्हणे, त्यांच्या पत्नीला काकी. नात्यानं ते माझे कुणी नव्हते, पण इतका ओरडा खाल्ल्यावर माणसाला साहेब म्हणणं जड जातं.

एका खटल्याचे कागद लाल फडक्यात बांधून जो गठ्ठा होतो त्याला तिकडे कट्टू म्हणतात. मोठ्या खटल्याचे पाच-सहा कट्टूसुद्धा होत. एकात फिर्याद, एकात साक्षी, एकात नकाशे, एकात मूळ खत. काकांच्या घराचा पुढचा दिवाणखाना अशा कट्टूंनी छतापर्यंत भरलेला होता आणि एकाही कट्टूवर बाहेरून नाव नव्हतं. याचं कारण म्हणजे विरुद्ध पक्षाचे गुमास्ते. ते सहज म्हणून यायचे, काकींची कॉफी प्यायचे आणि पिता पिता फळ्या वाचायचे. म्हणून काकांनी नावं बंद केली. मग कट्टू सापडायचा कसा?

दिवाणखान्याच्या मध्यभागी काकांची आरामखुर्ची होती. काका तिच्यात मागे रेलत, डोळे मिटत आणि म्हणत, "श्यामा, डावीकडे. दुसरी फळी. भिंतीपासून चौथा." मी हात घालायचा, आणि बरोबर तोच कट्टू निघायचा. पक्षकार थक्क होत. एक केळीचा व्यापारी तर काम नसताना नुसतं बघायला येई आणि जाताना खुर्चीला नमस्कार करी. काकांच्या डोक्यात सगळं जग खुर्चीपासून मोजलेलं होतं. काकींनी गरम पाण्याचं तपेलं कुठे ठेवलंय म्हणून विचारलं, तरी उत्तर येई, "माझ्या मागें, उजवीकडे."

"तुमच्या मागें म्हणजे न्हाणीघरांत, ऐसें नीट म्हणावें," काकी म्हणत.

"न्हाणीघर हललें तर?" काका विचारत. खुर्ची हलली तर, हे त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं.

ती हलली एका न्हाव्यामुळे. तो सकाळी काकांची दाढी करायला येई. एके दिवशी उजेड कमी पडला म्हणून त्यानं खुर्ची खिडकीकडे वळवली आणि दाढी झाल्यावर तशीच ठेवून गेला. काकांनी डोळे मिटून सांगितलं, मी हात घातला, कट्टू पिशवीत टाकला आणि आम्ही मुन्सिफांच्या, म्हणजे खालच्या दिवाणी न्यायाधीशांच्या, कोर्टात गेलो. त्या दिवशी एका निवृत्त हेडमास्तरांच्या आवारभिंतीचा खटला होता. हेडमास्तर जरीकाठी उपरणं घेऊन पुढेच बसले होते. काका उभे राहिले, कट्टू उघडला आणि घाईत वरचाच कागद वाचू लागले.

"माझे अशील डाव्या डोळ्यानं थोडे अधू आहेत. स्वभावानं अत्यंत गरीब. रोज दोन वेळा दूध देतात."

कोर्टातल्या पंखा ओढणाऱ्याचा हातसुद्धा थांबला. मुन्सिफांनी चष्मा काढून हेडमास्तरांकडे पाहिलं आणि गंभीरपणे विचारलं, "सकाळी जास्त देतात की संध्याकाळी?"

तो कट्टू चोळपुरमच्या एका म्हशीचा होता. तारीख पुढची मिळाली. हेडमास्तरांनी पुढे वर्षभर काकांशी बोलणं टाकलं होतं, कारण गावात त्यांना दुसऱ्या नावानं ओळखू लागले होते.

त्यानंतर मी धीर करून काकांना माझी कल्पना सांगितली. खुर्चीपासून मोजायचंच नाही. प्रत्येक खटल्याचा एक मुख्य कट्टू ठरवायचा, त्याला पिवळी दोरी बांधायची. ती त्या बिऱ्हाडाची आई. बाकीचे कट्टू तिच्या उजवीकडे ओळीनं लावायचे. घाईच्या वेळी लागतं ते बहुधा मूळ खत, म्हणून ते आईपासून कितव्या कट्टूत आहे, तेवढ्या गाठी आईच्या दोरीला मारायच्या. तीन गाठी असल्या तर आईपासून उजवीकडे तिसरा. मग अख्खं बिऱ्हाड उचलून माडीवर नेलं, माळ्यावर नेलं, बैलगाडीत घातलं, तरी आई सापडली की पोरं सापडतात.

"कट्टू म्हणजे काय बदकें, श्यामा?" काका म्हणाले. "आईमागें चालतील?"

"चालतील, काका. खुर्ची कोठेंहि असो."

"या घरांत सगळें माझ्यापासून मोजतात," काका म्हणाले आणि डोळे मिटले. विषय संपला.

तो पुन्हा उघडला महामहम् आल्यावर. बारा वर्षांनी एकदा आमच्या तळ्यात स्नानाचं पर्व येतं आणि ज्यांचे कुंभकोणमला नातेवाईक आहेत त्या सगळ्यांना त्या वर्षी ते आठवतात. काकींच्या माहेरचे, काकांच्या आजोळचे, बळ्ळारीचे, म्हैसूरचे असे लोक वळकट्या घेऊन उतरायला लागले. काकींनी दिवाणखाना मागितला. मागितला म्हणजे सांगितला.

"माणसें कोठें निजवूं? तुमच्या फळ्यांवर? भिंतीपासून चौथा?"

आमचे एक पक्षकार होते, कुप्पुस्वामी म्हणून, गावाबाहेरच्या दारासुरमचे रेशीम विणकर. मूळ सौराष्ट्रातून तिकडे गेलेल्या सौराष्ट्र समाजातले, बोलायला गोड. त्यांच्या मागच्या खोलीतले माग त्या महिन्यात बंद होते आणि भिंतीला रेशमाच्या लडी ठेवायच्या बांबूच्या फळ्या रिकाम्या होत्या. ते म्हणाले, "आणा तुमची ही लाल फडक्यातली मुलं आमच्याकडे." बैलगाड्या ठरल्या. नेताना सगळं विस्कटणार हे उघड होतं, म्हणून काकांनी मला पिवळ्या दोऱ्या बांधायची परवानगी दिली. "प्रवासापुरती," असं बजावून.

आरामखुर्चीसुद्धा गाडीत घालायची होती. पण तिच्यात बळ्ळारीचे मामा बसले होते. हे काकींचे सर्वांत थोरले मामा. ते आल्या दिवशी खुर्चीत रेलले ते जेवणापुरतेच उठत. मी दोनदा जाऊन विनवलं. दुसऱ्या वेळी त्यांनी एक डोळा उघडला आणि म्हणाले, "कट्टू काय कोर्टांत बसून ऐकणार आहेत? मग त्यांना खुर्ची कशास?"

शेवटी काकांनी दारासुरमला येऊन जमिनीवर खडूनं खुर्ची काढली. चार पाय, पाठ कुणीकडे ते दाखवणारा एक बाण, पुढे पाय ठेवायची जागा. मग त्या खडूच्या खुर्चीत मांडी घालून बसले आणि डोळे मिटून एकेक कट्टू कुठे ठेवायचा ते सांगत गेले. बिऱ्हाडं फोडायची नाहीत एवढी माझी विनंती त्यांनी ऐकली. कुप्पुस्वामींच्या पत्नी सरस्वती दारात उभ्या राहून हे सगळं फार भक्तिभावानं पाहत होत्या. त्या वेळी मला त्याचा अर्थ कळायला हवा होता.

आता पट्टम्माळ. ही चोळपुरमची म्हातारी, विधवा, एकटी. तिचं घर रस्त्यापासून आत, आणि घराकडे जायची पायवाट शेजाऱ्याच्या नारळीतून. तीन पिढ्या तिच्या घरची माणसं त्या वाटेनं जात होती. शेजारी गोविंदन यानं एका सकाळी तिथे कुंपण घातलं. का, तर पट्टम्माळनं त्याच्या मुलीच्या लग्नातल्या सांबाराला नाव ठेवलं होतं. दुसरी वाट पाण्याच्या पाटातून. तेव्हापासून ती म्हातारी कमरेएवढ्या पाण्यातून ये-जा करी. ऑफिसात यायची ती ओल्या लुगड्यानं, आणि जिथे उभी राही तिथे तळं होई. कागद भिजतील म्हणून मी ओरडलो की म्हणे, "रायरे, मी भिजते ते दिसत नाही, कागद भिजलेला दिसतो." आम्हां राव लोकांना तिकडे रायर म्हणतात. पावसाळ्यात पाट गळ्यापर्यंत चढतो, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होतं. त्याआधी निकाल लागला नाही तर तिला घर सोडून पुतण्याच्या दारी राहायला जावं लागणार होतं, आणि पुतण्यानं आताच तिच्या घराच्या विटा मोजायला सुरुवात केली होती.

तिच्या बाजूनं होतं एक जुनं खरेदीखत. त्यात वाट लिहिलेली होती. मुन्सिफांनी ते मूळचं बघायला मागितलं आणि तारीख दिली ती पर्व उलटल्यावर लगेचची. पाहुणे अजून हलले नव्हते. मी आदल्या दिवशी खत आणून ठेवतो म्हणालो. काका हसले. "त्यांत काय आहे? कोर्टाच्या आधीं दारासुरमला उतरूं. डोळे मिटले कीं हातांत."

सकाळी आम्ही जटक्यात बसून, म्हणजे घोड्याच्या छपरी गाडीतून, दारासुरमला पोचलो. पट्टम्माळला तिथेच यायला सांगितलं होतं. ती आधीच येऊन आत बसली होती.

मागच्या खोलीत पाय टाकला आणि काका दारातच थांबले. खडूची खुर्ची नव्हती. त्या जागी एक भलीमोठी कोलम काढलेली होती, तांदळाच्या पिठाची रांगोळी, आठ पाकळ्यांची, प्रत्येक पाकळीत कमळ. मधोमध तेलाचा दिवा आणि जास्वंदीची फुलं.

"सामी, चपला बाहेर," सरस्वती हळूच म्हणाल्या.

"माझी खुर्ची कुठे आहे?" काकांनी विचारलं.

"तुम्ही यंत्र काढून, डोळे मिटून मंत्र म्हटलात ना? पुसू कसं देणार? रोज शेणानं सारवून त्यावरच काढते मी. गल्लीतल्या बायका येतात. कालच एकीच्या मुलाचा ताप उतरला."

कुप्पुस्वामी खाली बघत होते. त्यांचे खांदे हलत होते.

"पाठ कुणीकडे होती?" मी विचारलं. सरस्वतींनी आठही पाकळ्यांकडे सारख्याच प्रेमानं बघितलं.

काकांनी चपला काढल्या, दिवा बाजूला करवला आणि रांगोळीत मांडी घातली. बसून आठवेना, म्हणून चक्क उताणे झाले. डोळे मिटले. अंगभर तांदळाचं पीठ. "श्यामा, उजवीकडे. वरची फळी. तिसरा." मी हात घातला आणि हिरव्या रेशमाची लड निघाली. काका थोडे फिरले. "आतां?" कुप्पुस्वामींचा जेवणाचा डबा निघाला. काका आणखी फिरले. दारात जमलेल्या दोन बायकांनी हात जोडले. घड्याळाच्या काट्यासारखे ते पूर्ण एक फेरा फिरले, आणि आमच्या हाताला लागला फक्त एका गहाणवटीचा नकाशा.

"दोरी बघ," ते शेवटी डोळे न उघडताच म्हणाले. "तुझी ती आई."

माझ्या आयुष्यातला हा मोठा क्षण असायला हवा होता. मी पिवळ्या दोऱ्या बघत सगळी खोली फिरलो, प्रत्येक आईचं फडकं उचकटून आतलं नाव वाचलं. म्हशीची आई सापडली, हेडमास्तरांच्या भिंतीची सापडली. पट्टम्माळच्या खटल्याची नव्हती. आईच नाही, तर पोरं कुणाच्या उजवीकडे? सगळे लाल कट्टू एकसारखे. एकेकाचं फडकं सोडून वाचत बसलो असतो तर पुढचं महामहम् आलं असतं, आणि कोर्ट अकराला भरत होतं. मी खाली बसलो, तो बरोबर पट्टम्माळसमोर.

ती आपली पान चघळत होती. बसली होती कशावर तरी, आणि त्या कशावर तरीला पिवळी दोरी होती.

"पाट्टी," मी म्हणालो. पाट्टी म्हणजे आजी. "तुम्ही कशावर बसलात?"

"उशीसारखं होतं. लुगडं ओलं, जमीन गार. पिवळी दोरी दिसली, मंगल वाटलं. घेतलं."

"कुठून घेतलंत?"

"तिथून." तिनं सगळ्या भिंतीवरून हात फिरवला. "कोनाड्यातल्या दिव्याच्या खालून."

"तो दिवा मी मघाशी दुसऱ्या कोनाड्यात नेला," सरस्वती म्हणाल्या. "आणि फळीवर फट दिसली तिथे लडी भरल्या. मोकळी कशाला ठेवायची?"

काका रांगोळीत उठून बसले होते. पांढरे झाले होते, काही पिठानं आणि काही भीतीनं. पट्टम्माळनं आमच्याकडे एकदा नीट बघितलं. मग गुडघ्यावर हात देऊन उठली आणि खोलीबाहेर गेली. मला वाटलं, आमची आशा सोडून निघाली. पण ती दारातून पुन्हा आत आली. सकाळी आली होती तशीच, वाकून, लुगड्याचा ओचा एका हातात धरून, पाय ओढत. तीन-चार पावलं टाकल्यावर तिला दम लागला आणि आधारासाठी तिचा मोकळा हात आपोआप भिंतीकडे गेला. तो जिथे टेकला तिथे रेशमाच्या लडी होत्या.

"इथे," ती म्हणाली. "चार पावलांवर मला नेहमी धाप लागते."

लडी काढल्या. आईला तिच्या जागी बसवलं. दोरीला दोन गाठी होत्या. उजवीकडे दुसरा.

"कोणाची उजवी?" काका एकदम म्हणाले.

"म्हणजे?"

"आपण भिंतीकडे तोंड करून उभे आहों. कट्टूचें तोंड आपल्याकडे. त्याची उजवी ती आपली डावी. तूं बांधतांना कोण होतास, तूं कीं कट्टू?"

मी आजवर इतक्या दोऱ्या बांधल्या, पण हा प्रश्न मला पडला नव्हता. आणि त्या क्षणी मला खरोखरच सांगता येईना. आम्ही तिथे उभे राहून भांडलो असतो, पण कुप्पुस्वामींनी दोन्ही बाजूंचे दुसरे कट्टू ओढून आमच्या हातात दिले. "सार, जटका उभा आहे. जाताना भांडा."

धावत्या जटक्यात आम्ही दोन्ही कट्टू उघडले. एकात म्हशीच्या डोळ्याचं डॉक्टरी सर्टिफिकेट होतं. दुसऱ्यात खत. पट्टम्माळनं ते ओल्या हातानं घ्यायला नको म्हणून हात पाठीमागे धरले आणि नुसती मान लांब करून त्याच्याकडे बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं. तरी बराच वेळ बघत होती.

काका कोर्टात उभे राहिले तेव्हा त्यांच्या काळ्या कोटाच्या पाठीवर अर्धं कमळ उमटलेलं होतं. मी खुणा केल्या, पण त्यांनी बघितलं नाही. मुन्सिफांनी खत वाचलं, नकाशाशी ताडून बघितलं, गोविंदनच्या वकिलाला दोन प्रश्न विचारले. तो तिसऱ्याच गोष्टीवर बोलायला लागला तेव्हा सगळ्यांना समजलं. कुंपण काढायचा हुकूम पुढच्या तारखेला झाला. काका त्या दिवशी माझ्याशी एवढंच बोलले, "दोऱ्या राहूं देत. पण उजवी माझी."

या धंद्याचं मला एक वाईट वाटतं. काका गेल्यावर त्यांच्या मुलानं ते सगळे कट्टू रद्दीत दिले. त्याचाही इलाज नव्हता, तो मद्रासला दोन खोल्यांत राहत होता. पण लाल फडक्यांचा तो ढीग हातगाडीवर चढताना बघितला आणि मला वाटलं, यातल्या कुठल्याही खटल्याचं खत मागा, अजून हातात देईन. कुणी मागितलं नाही.

कुंपण निघालं त्या आठवड्यात पट्टम्माळनं आम्हांला जेवायला बोलावलं. काका कुणा पक्षकाराकडे जेवत नसत. त्या दिवशी आले. चोळपुरमच्या रस्त्यावर जटका सोडून आम्ही त्या वाटेनं चालत गेलो. वाट एवढी अरुंद की काका पुढे, मी मागे. म्हातारी सर्वांत पुढे, कोरड्या लुगड्यात, आणि दर चार पावलांवर वळून बघे, आम्ही खरंच येतोय ना म्हणून. घरापाशी पोचल्यावर म्हणाली, "एकदा परत चला ना रस्त्यापर्यंत. मला मागून बघायचंय." काका परत वळले. आम्ही पुन्हा गेलो, पुन्हा आलो.

गोविंदन आपल्या नारळीखाली उभा राहून हे बघत होता. पट्टम्माळनं त्यालाही हाक मारली. "ये रे. तुझ्या सांबारापेक्षा बरं केलंय." तो यायला तयार नव्हता. मग काकांनी तुळशीचं पान ठेवावं इतक्या अदबीनं आपल्या शेजारी केळीचं पान मांडलं, तेव्हा आला. खाली मान घालून बसला. भात वाढला गेला, गरम, वाफाळलेला. गोविंदननं पहिला घास घेतला आणि चुलीकडे बघितलं. बघतच राहिला.

चुलीत त्याच्या कुंपणाचे वासे जळत होते.

त्यानं दोनदा भात मागून घेतला.